काटेमियाँची वाट

आमच्या घरामागच्या कुंपणाला खाली, जमिनीलगत, एक भोक आहे. तेरा सेंटीमीटर रुंद आणि तेरा सेंटीमीटर उंच. घरी पहिल्यांदा आलेला पाहुणा हमखास विचारतो, "हे फुटलंय वाटतं? दुरुस्त नाही केलंत?" मी सांगतो, फुटलेलं नाही, मीच पाडलंय. मग चहा संपेपर्यंत काटेमियाँची गोष्ट सांगावी लागते. इतक्यांदा सांगून झाली आहे की आज एकदाची लिहून काढतो.

मी इंग्लंडमध्ये लेस्टर शहरात राहतो. 2003 पासून. मूळ गाव दापोली तालुक्यात, समुद्राची गाज अंगणात ऐकू येईल एवढ्या अंतरावर. लेस्टरमध्ये गुजराती मंडळी भरपूर आहेत, आमच्यासारखी कोकणी मुसलमान घरं मोजकी. घर जुनं, दोन मजली. मागे लांबट अंगण आणि तिन्ही बाजूंनी शेजाऱ्यांची अंगणं.

आधी कुंपणाबद्दल सांगायला हवं, कारण भोक त्यालाच पाडलं. 2005 च्या जुलैमध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेत आणि एका बसमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्यानंतरच्या आठवड्यात एका रात्री आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवर अंडी फुटली. कुणी फेकली ते कधीच कळलं नाही. काच फुटली नाही, कुणाला लागलं नाही, पोलीस येऊन नोंद करून गेले. पण बायको तेव्हा पहिलटकरीण होती आणि मी घाबरलो होतो. पंधरा दिवसांत मी सहा फुटी कुंपण उभं केलं. खाली सिमेंटच्या फळ्या, वर लाकडाच्या. फटसुद्धा ठेवली नाही. मागचं निम्मं गवत काढून फरशी बसवली. नंतर शेजारची घरं बदलली, नवी माणसं आली, चांगली निघाली. कुंपण मात्र तसंच राहिलं.

अब्बा 2018 मध्ये गेले. अम्मी गावी एकटी, म्हणजे भावकी आजूबाजूला असली तरी घरात एकटीच. 2019 च्या डिसेंबरात तिला सहा महिन्यांच्या व्हिसावर इकडे आणली. एप्रिलमधलं परतीचं तिकीट काढलेलं होतं. पण मार्चमध्ये इथे टाळेबंदी लागली आणि भारतात उतरणारी विमानंही बंद झाली. अम्मी अडकली. रोज एकदा विचारायची, "विमानाचं काय झालं?" मी सांगायचो, बंद आहेत. मनातून मला बरंच वाटत होतं. ती इथे होती, माझ्या नजरेसमोर होती.

एप्रिलच्या शेवटी रमजान लागला. मशिदी बंद, तरावीह घरीच. इथे उन्हाळ्याकडे रात्री लहान होत जातात. इफ्तार रात्री साडेआठ-नऊला आणि सेहरी तीनच्या सुमारास आटपायची. अम्मी सगळ्यांच्या आधी तासभर उठायची, दिवा न लावता मागच्या काचेच्या दाराशी खुर्ची टाकून तस्बीह घेऊन बसायची. पहिल्याच आठवड्यात एका पहाटे तिने येऊन मला हलवलं. "ऊठ रे. बाहेर कुणीतरी पापड खातंय."

(आमच्या घरात कोकणी बोलतात. सगळ्यांना कळावं म्हणून इथे तिचं बोलणं साध्या मराठीत लिहितोय.)

मी टॉर्च घेऊन दाराशी गेलो. खरंच पापड चावल्यासारखा आवाज येत होता, मध्येच नाक ओढल्यासारखा. अम्मीच्या कोथिंबिरीच्या वाफ्याजवळ नारळाएवढा एक गोळा हलत होता. उजेड पडताच तो थांबला, डोकं आत घेतलं आणि नुसते काटे उरले. मुलगी मागून आली आणि दबक्या आवाजात ओरडली, "हेजहॉग!"

"साळिंदर?" अम्मीने विचारलं.

साळिंदर नव्हे. साळिंदर कुत्र्याएवढा मोठा, त्याचे काटे हातभर लांब, आणि तो उंदीर-घुशींच्या कुळातला, कंदमुळं खाणारा. हा वीतभर लांबीचा, बोटाच्या पेराएवढ्या काट्यांचा, किडे, अळ्या, गांडुळं खाणारा, चिचुंद्रीच्या जवळच्या नात्यातला. कोकणात हा मी कधी पाहिला नाही, म्हणून घरगुती नावही ठाऊक नाही. संस्कृतातून आलेला 'जाहक' हा शब्द पुस्तकात सापडतो, पण तो हाक मारण्याजोगा नाही. माझ्या एका मित्राची आई मूळची कच्छची. तिला फोनवर फोटो पाठवला तर ती लगेच म्हणाली, "शेळो! आमच्याकडे वाडीत यायचा." कच्छच्या कोरड्या मुलखात याचेच भाऊबंद राहतात. फारसी-उर्दूत त्याला खारपुश्त म्हणतात, म्हणजे पाठीवर काटे असलेला. अम्मीने हे सगळं ऐकून घेतलं आणि त्याचं नाव काटेमियाँ ठेवलं. तेच आमच्या घरात रुळलं.

दुसऱ्या दिवसापासून पाहुणचार सुरू झाला. आमच्याकडे आलेल्याला रिकाम्या तोंडी जाऊ देत नाहीत. अम्मीने बशीत दूध घेतलं, त्यात पाव कुस्करला आणि वाफ्याजवळ ठेवलं. सेहरीला उठलो तर बशी चाटूनपुसून साफ. अम्मीला केवढा आनंद! तीन रात्री असंच चाललं. चौथ्या संध्याकाळी ती बशी ठेवत असताना कुंपणावरून शेजारच्या आजीबाईंनी पाहिलं. या बाई निवृत्त परिचारिका, एकट्या राहतात, वय तेव्हा पंच्याहत्तरीचं. त्या मोठ्याने "नो, नो, नो!" म्हणाल्या आणि अम्मी दचकून मागे सरली. तिला वाटलं, काही तरी सरकारी नियम मोडला.

मी बाहेर गेलो. आजीबाईंनी दोन मीटर अंतर राखून मला समजावलं. हेजहॉगला दूध पचत नाही. मिळालं तर तो पितो, आवडीने पितो, पण त्याला हगवण लागते आणि त्यात तो मरूही शकतो. पावात त्याच्या कामाचं काही नाही, नुसतं पोट भरतं. द्यायचंच असेल तर मांजराचं किंवा कुत्र्याचं मांसाचं खाणं थोडंसं द्यावं आणि उथळ भांड्यात साधं पाणी ठेवावं. गंमत म्हणजे इंग्लंडमध्ये पिढ्यान्‌पिढ्या लोक त्याला दूध-पावच घालत आले. त्यांच्याही आजीने तेच केलं होतं.

हे मी अम्मीला सांगितलं तेव्हा ती दुखावली. "दूध कुणाला बाधतं होय? तान्ह्या पोराला बाधत नाही." थोडा वेळ गप्प राहिली आणि मग स्वतःच म्हणाली, "नागाचंही असंच म्हणतात ना रे?" आमच्या गावात नागपंचमीला गारुडी यायचा, बायका नागापुढे दूध ठेवायच्या. पुढे शाळेतल्या गुरुजींनी सांगितलं होतं की नाग दूध पीत नाही, तहानेने व्याकूळ ठेवला म्हणून पितो आणि त्याला ते बाधतं. अम्मीला ते आठवलं.

मुलीने यात आणखी एक भर घातली. टाळेबंदीत तिला शाळा नव्हती, त्यामुळे काटेमियाँ हाच तिचा विषय झाला होता. तिने वाचून सांगितलं की पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात, 1566 च्या कायद्याने, शेतीला उपद्रवी ठरवलेले प्राणी मारून आणणाऱ्याला इनाम मिळे. त्या यादीत बिचारा हेजहॉगही होता. एकामागे दोन पेनी. कारण काय, तर तो रात्री गोठ्यात जाऊन झोपलेल्या गायीचं दूध पितो अशी लोकांची समजूत. अम्मी हसायला लागली. आमच्याकडे हाच आरोप धामणीवर. धामण गायीच्या पायांना विळखा घालून दूध पिते, असं सांगणारी माणसं मी लहानपणी पाहिली आहेत आणि त्यापायी मारलेल्या धामणीही. म्हणजे ज्याला दूध पचत नाही त्याला दुधाचा चोर ठरवून मारायचं, नाहीतर लाडाने दूध पाजून मारायचं. मध्ये त्याला काय हवं हे कुणी बघायचं नाही.

दूध बंद झालं, पाणी सुरू झालं. ते फार वेळेवर झालं. 2020 चा मे इंग्लंडमध्ये नोंदी सुरू झाल्यापासूनचा सर्वांत कोरडा मे ठरला. माती दगडासारखी झाली, गांडुळं खोल गेली. अम्मीने कुंडीखालच्या दोन बश्या पाण्याने भरून ठेवल्या. तहानलेल्या कुत्र्यासाठी विहिरीत उतरून पायताणात पाणी भरून आणणाऱ्या माणसाची हदीस आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली असते. अम्मीने ती माझ्या मुलीला त्या रमजानमध्ये पुन्हा ऐकवली आणि वर म्हणाली, "बघ, त्याने पाणी दिलं. बिर्याणी नाही दिली."

मांजराच्या खाण्याचा डबा आणला. अम्मीने आधी विचारलं, कसलं मांस? कोंबडीचं, सांगितलं. मग तिने हात लावला. मांजरांनी ते खाऊ नये म्हणून प्लास्टिकच्या खोक्याला तेरा सेंटीमीटरचं दार कापून आत बशी ठेवली. मांजर आत शिरत नाही, काटेमियाँ शिरतो. ईदला आजीबाईंना शिरखुर्म्याचा वाडगा कुंपणावरून दिला. वाडगा दोन दिवसांनी धुऊन परत आला, आत मांजराच्या कोरड्या बिस्किटांची पुडी. काटेमियाँची ईदी.

त्या महिनाभरात आम्ही पाहिलं ते सांगतो. मोठ्या हेजहॉगच्या अंगावर पाच ते सात हजार काटे असतात. ते काटे म्हणजे कडक झालेले केसच, आतून पोकळ. दिसायला तो मंद वाटतो, पण चालायला लागला की पाय चांगले लांब निघतात आणि तो तुरुतुरु धावतो. एका रात्रीत एक-दोन किलोमीटर फिरतो. आमचं अंगण म्हणजे त्याच्या वाटेवरचा एक थांबा, त्याचं घर नव्हे. एकदा तो आमच्या वहाणा चावत बसला, तोंडाला फेस आला, आणि मान वाकडी करून तो फेस जिभेने पाठीच्या काट्यांना लावू लागला. मला वाटलं पिसाळला. तर तसं नाही. अनोळखी वासाची वस्तू सापडली की ते असं करतात, आणि का करतात याबद्दल शास्त्रज्ञांचंही अजून एकमत नाही. एका पहाटे दोघं आले. एक मध्ये फुसफुसत उभा, दुसरा भोवती गोल गोल फिरतोय. अर्धा तास झाला तरी थांबेनात. "भांडतायत," अम्मी म्हणाली. मुलीने पुस्तकात पाहिलं आणि लाल होऊन आत गेली. मीही मग भांडतायत असंच म्हटलं. अम्मी काय ते समजली आणि "बरं, भांडू दे," म्हणाली.

3 जूनला निसर्ग चक्रीवादळ कोकणात शिरलं. श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या पट्ट्याला त्याने झोडपलं. फोन बंद, वीज बंद. चार दिवस गावचा काही पत्ता नाही. अम्मी फोन मांडीवर घेऊन बसून राहायची. पाचव्या दिवशी चुलतभावाचा फोन लागला. माणसं सगळी सलामत. घराचे कौलं-पत्रे गेले, भिंती उभ्या आहेत. वाडी मात्र राहिली नाही. अब्बांनी लावलेले माड, त्याखालची पोफळ, जायफळ, सगळं आडवं. अम्मीने ऐकलं, फोन माझ्याकडे दिला आणि मागच्या दारी जाऊन बसली.

त्याच दिवसांत इथे पाऊस आला. कोरड्या मे महिन्यानंतर गोगलगायी झुंडीने बाहेर पडल्या. बिनशंखाच्या, काळ्या, बोटाएवढ्या. दोन रात्रींत त्यांनी अम्मीची मेथी साफ केली. ती आधीच खचलेली, त्यात तिचा हा एवढासा वाफाही जावा हे मला बघवेना. कपाटात गोगलगायी मारायच्या निळ्या दाण्यांचा डबा होता. मी दरवर्षीच वापरायचो. संध्याकाळी वाफ्याभोवती मूठभर दाणे फेकले. विचारसुद्धा केला नाही.

तीन दिवसांनी भर दुपारी काटेमियाँ फरशीवर पडलेला दिसला. पाय ताणून, एका अंगावर. अम्मी म्हणाली, "ऊन खातोय बघ." पण हेजहॉग निशाचर. तो दिवसा उघड्यावर पडून राहिला तर बहुतेक वेळा काहीतरी बिघडलेलं असतं. उठायला गेला की मागचे पाय लटपटत होते. आजीबाईंनी कुंपणापलीकडून सूचना दिल्या. जाड हातमोजे घालून मी त्याला पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवलं, गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवली. जखमी हेजहॉग सांभाळणाऱ्या एक स्वयंसेविका तासाभरात मास्क लावून आल्या आणि खोका घेऊन गेल्या. रात्री त्यांचा फोन आला. गेला.

मी विचारलं, दाण्यांमुळे का? त्या म्हणाल्या, तपासणी केल्याशिवाय सांगता येणार नाही. जंत असतील, आजार असेल, दाणे किंवा दाणे खाल्लेल्या गोगलगायीही असतील. त्या दाण्यांत मेटाल्डिहाइड नावाचं विष होतं. पुढे 2022 च्या मार्चअखेर ब्रिटनमध्ये उघड्यावर त्याच्या वापरावर बंदी आली. पक्षी आणि लहान प्राण्यांना त्यापासून धोका हेच कारण होतं. माझ्यामुळे तो मेला असं मी खात्रीने म्हणू शकत नाही. माझ्यामुळे मेला नाही, असंही म्हणता येत नाही. हे असं मधेच लोंबकळत राहणं फार वाईट.

अम्मीला दाण्यांचं सांगावं लागलं. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "पुढे ताटली मांडायची आणि वाटेवर विष टाकायचं. असा कसा रे पाहुणचार?" त्या रात्रीपासून ती टॉर्च आणि रिकामा डबा घेऊन गोगलगायी हाताने वेचायला लागली. मी दाण्यांचा डबा पालिकेच्या केंद्रात घातक कचऱ्यात देऊन आलो.

भोकाची कल्पना आजीबाईंची. त्यांच्या अंगणात झुडपांखाली एक मादी होती, त्यांनी पाहिली होती. पण आमच्या कुंपणामुळे तिला आमच्या बाजूला यायला रस्त्यावरून वळसा घालून, आमच्या पुढच्या फाटकाखालून यावं लागे. काटेमियाँही तसाच यायचा. रस्त्यावर गाड्या. एका अंगणात एका हेजहॉगचं पोट भरत नाही, त्याला दहा-बारा अंगणं लागतात, आणि प्रत्येकाने माझ्यासारखं कुंपण घातलं तर प्रत्येक अंगण म्हणजे बंद डबा. 2011 पासून इथल्या दोन संस्था 'हेजहॉग स्ट्रीट' नावाची मोहीम चालवतात. शेजाऱ्यांनी कुंपणाला तेरा सेंटीमीटरचं भोक पाडून अंगणं जोडावीत, एवढंच त्यांचं मागणं. त्यातली ब्रिटिश हेजहॉग प्रिझर्वेशन सोसायटी 1982 मध्ये मेजर अ‍ॅड्रियन कोल्स या गृहस्थांनी सुरू केली. गुरं ओलांडू नयेत म्हणून रस्त्यात लोखंडी जाळीचे खड्डे करतात, त्यात पडून हेजहॉग उपाशी मरत. कोल्स यांनी खड्ड्यांत बाहेर पडायला छोटे उतार बांधून घ्यायला सुरुवात केली. किती साधी गोष्ट. त्याच 2020 च्या जुलैमध्ये ब्रिटनच्या सस्तन प्राण्यांची लाल यादी आली, तिच्यात हेजहॉग नामशेष होण्याचा धोका असलेल्यांत नोंदला गेला. शेतांच्या कडेची झुडपं गेली, कीटकनाशकांनी किडे गेले, रस्ते वाढले, आणि घरांची अंगणं माझ्या अंगणासारखी झाली.

मी लगेच हो म्हटलं नाही. खरं सांगतो, पंधरा वर्षांपूर्वीची ती रात्र आठवली. आजीबाईंचा त्या रात्रीशी काही संबंध नव्हता, त्या इथे आल्या 2011 मध्ये. पण कुंपण घालताना मी स्वतःशी बोललो होतो की आता इथून काही आत येणार नाही. ते एवढंसंही मोडायला हात धजेना. शेवटी अम्मीच म्हणाली, "अरे, एवढ्या भोकातून कोण येणार? अंडं फेकणारा येणार?"

मित्राकडून ग्राइंडर आणला. लेस्टरमध्ये तेव्हा देशातली पहिली शहरापुरती टाळेबंदी लागली होती, त्यामुळे मदतीला कुणी येऊ शकत नव्हतं. सिमेंटच्या फळीत आत तारा असतात, त्या कापायला दुपार गेली. धूळ उडाली, आजीबाईंनी पलीकडून पाण्याचा फवारा मारला. कडा घासून गुळगुळीत केल्या. दुसऱ्या बाजूच्या शेजाऱ्याला विचारून तिकडच्या कुंपणालाही एक भोक पाडलं. आजीबाईंनी बजावलं होतं, एकच भोक पाडू नकोस. नाहीतर तू त्याला आत घेशील आणि पुढची वाट बंद ठेवशील. येण्याची वाट असते तशी जाण्याचीही असावी लागते.

हे त्या हेजहॉगबद्दलच बोलत होत्या. पण त्या दिवसांत माझा आणि अम्मीचा रोज वाद चालला होता. भारताकडे खास विमानं सुटायला लागली होती आणि अम्मीला जायचं होतं. मी म्हणायचो, कुठे जातेस? छप्पर नाही, वाडी नाही, तिथे उरलंय काय? इथे गरम खोली आहे, दवाखाना जवळ आहे, मराठी टीव्ही लावून दिलाय. व्हिसाचं काही बघता येईल. ती म्हणायची, "मला माझं घर शाकारायचंय." मला राग यायचा, की एवढं करूनही हिला इथे करमत नाही. तिला काय द्यावं याचाच मी विचार करत होतो. तिला काय हवं हे ती रोज सांगत होती आणि मी बशी भरत होतो. त्या रात्री मी तिचं तिकीट काढलं.

जायच्या आधीच्या आठवड्यात, ऑगस्टमध्ये, रात्री दहाच्या सुमारास आजीबाईंच्या बाजूच्या भोकातून मादी आली. तिच्यामागे ओळीने चार पिल्लं. मुठीएवढी. हेजहॉगची पिल्लं जन्मतात तेव्हा आंधळी असतात, काटे कातडीखाली असतात, आईला बोचू नयेत म्हणून. महिन्याभराची झाली की आईमागून बाहेर पडतात. पाचही जणं आमच्या फरशीवरून, अम्मीच्या वाफ्यातून, दुसऱ्या भोकाकडे गेली आणि दिसेनाशी झाली. खोक्यातल्या खाण्याकडे बघितलंही नाही. अम्मी बराच वेळ त्या बाजूला बघत राहिली.

ती गेल्यावर ऑक्टोबरच्या शेवटी एक लहान हेजहॉग आला. थंडीत हेजहॉग झोपी जातात, साधारण नोव्हेंबर ते मार्च. झोप कसली, मरणाच्या दारातली ती गुंगी. मिनिटाला एकशे नव्वदच्या आसपास पडणारे हृदयाचे ठोके वीसवर येतात, अंग गार पडतं. एवढे महिने अंगातल्या चरबीवर काढायचे तर वजन लागतं. याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला, तीनशे ऐंशी ग्रॅम. हिवाळा निभावण्याएवढा नाही. त्याच स्वयंसेविकांना फोन केला. त्यांनी थंडीभर सांभाळला. आम्ही पानांचा आणि फांद्यांचा ढीग कोपऱ्यात तसाच ठेवला, निम्म्या फरश्या उखडल्या. फटाके आणि होळ्या पेटवण्याच्या 5 नोव्हेंबरच्या रात्रीआधी मुलगी रस्त्यातल्या घरोघरी सांगून आली, लाकडांचा ढीग पेटवण्यापूर्वी उचकटून बघा, आत कुणी झोपलेलं असेल.

2021 च्या एप्रिलमध्ये, रमजानच्याच दिवसांत, इफ्तारनंतर त्या बाई खोका घेऊन आल्या. आता तो चांगला किलोभर झाला होता. जिथे सापडला तिथेच सोडायचा असतो. मी गावी व्हिडिओ कॉल लावला. तिथे मध्यरात्र उलटून गेली होती, पण अम्मी जागी होती. आम्ही खोका आडवा केला. तो बाहेर आला, नाक वर करून वास घेतला, पाण्याच्या बशीला वळसा घातला आणि कुंपणाच्या भोकातून पलीकडे गेला.

"गेला?" अम्मीने विचारलं.

"गेला."

"बरं. पाणी ठेव रोज."

गावचं घर तिने त्याच वर्षी शाकारून घेतलं. दापोलीच्या कृषी विद्यापीठातून माडाची रोपं आणून वाडीत लावली. मी विचारलं होतं, या वयात माड? ती म्हणाली, अब्बांनी लावले ते कुणासाठी लावले होते? आता दर मार्चमध्ये मी भोकातला पालापाचोळा साफ करतो, बश्या धुतो. आणि दर मार्चमध्ये तिचा फोन येतो. ती विचारते, "आला का?" मी विचारतो, "माड केवढे झाले?" यंदा तिने सांगितलं, एकाला पोय आली आहे. आमच्याकडे अजून कुणी आलं नव्हतं. परवा सकाळी पाण्याच्या बशीशेजारी काळी लेंडी दिसली, तीत किड्यांचे पंख चकाकत होते. फोटो काढून तिला पाठवला. तिचं उत्तर आलं, "अल्हम्दुलिल्लाह. दूध ठेवू नकोस."